आईच्या गळाची काठी

भाऊबीजेला मी खोडाळ्याच्या पलीकडे, आमच्या पाड्यावर गेले होते. ओवाळून झाल्यावर भावाने हसत विचारलं, "ताई, बोल, ओवाळणीत काय पाहिजे?"

मी वर बघितलं. चुलीवरच्या वाशांना आईची मासे धरायची काठी बांधून ठेवली होती. धुराने काळीकुट्ट झालेली.

"ती दे," मी म्हटलं.

"ती? अगं, ती फुटली. आता जळणातच जायची."

ती कशी फुटली हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. उन्हाळ्यात भावाने तिने आंबे झोडले होते. शेंड्याचं हातभर टोक तुटून गेलं आणि मधल्या एका पेरापाशी लांब तडा गेला. आईने तेव्हा काठी परत वर बांधून टाकली होती, इतकंच.

आमच्याकडे बायका मासे धरतात, पण ओढ्यात, चारपाच जणी मिळून, फडक्याने नाहीतर हाताने. गळ टाकून एकटं बसायचं ते पुरुषांनी. आईला मात्र तिच्या वडिलांनी ही काठी करून दिली होती, आतून भरीव असलेल्या बांबूची, आणि लग्नानंतर ती काठी घेऊनच सासरी आली. पाड्यातले लोक हसले. मग घरोघरी तिच्या हातचे मासे जायला लागले आणि हसणं थांबलं. दोन वर्षांपूर्वी शेताच्या बांधावरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मूठ काही पहिल्यासारखी आवळेना. तेव्हा काठी वर गेली ती गेलीच.

"नेऊन काय करशील?" आईने विचारलं. "रानात बांबूला काय तोटा हाय?"

"नीट करणार."

"आन मग?"

"मग तू गळ टाकणार."

तिने हात पुढे करून मूठ मिटून दाखवली. बोटं अर्ध्यावर थांबली. "या हातानं?"

"त्याच हातानं."

मी हे तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. जव्हारला माझं शिवणकामाचं दुकान आहे. फाटलेलं, उसवलेलं, आखूड झालेलं माझ्याकडे रोज येतं आणि धड होऊन परत जातं. काठी बघितल्याबरोबर मला कळलं होतं की हिच्यात अजून पुष्कळ जीव आहे.

एसटीत कंडक्टरने अडवलं. "बाई, ही आत मावायची नाही."

"उभी नाही मावणार. आडवी मावेल," मी म्हटलं आणि काठी सीटांच्या खालून मागपर्यंत सरकवून दिली. मागे बसलेल्या आजोबांनी तिच्यावर पाय टेकवले. जव्हार येईपर्यंत काठी हलली नाही.

दिवाळी सरली होती, दुकानात गर्दी नव्हती. आधी मी काठी सोड्याच्या कोमट पाण्याने पुसून काढली. आई तिला मोहट्याचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल चोळायची. त्या तेलावर धूर बसून चिकट पापुद्रा झाला होता, तो पाण्याने जाईना. मग फुटक्या काचेच्या धारेने, हात हलका ठेवून खरवडला. खालचा रंग निघाला तेव्हा मी थांबून बघत राहिले. जुन्या गुळासारखा लालसर पिवळा, आणि पेरांपाशी जरा गडद. मधे काठीला बाकही आला होता. तिथे ओलं फडकं गुंडाळून गॅसच्या आचेवर फिरवत शेकलं आणि गुडघ्यावर टेकवून हळूहळू दाबलं. सगळा बाक गेला नाही. जेवढा गेला तेवढा पुरे होता.

तड्यात दोन नळ्यांतला मिसळून लावायचा पक्का गोंद भरला आणि वरून शिलाईचा सुती दोरा गुंडाळला. वाळल्यावर वाकवून बघितलं, तर दोरा ढिला पडला. सगळा उसवला. दुसऱ्यांदा नायलॉनचा दोरा घेतला, काठी मांडीवर गोल गोल फिरवत, वेढ्याला वेढा चिकटवत ओढून बसवला. या वेळी जरासुद्धा सरकला नाही.

प्रश्न राहिला टोकाचा. ओला बांबू वाळताना आक्रसतो, म्हणून मला वाळलेला, बारीक आणि सरळ बांबू हवा होता. तो घरातच सापडला.

"अगं, ही गुढीची काठी!" नवरा म्हणाला.

"गुढी एक दिवस उभी राहते. बाकी वर्षभर ही कपाटामागे असते."

"आणि पाडव्याला?"

"पाडव्याला नवी आणू."

तो मग स्वतःच करवत घेऊन आला. दोन्ही तुकडे तिरके कापून, एकमेकांवर बसवून आम्ही जोड दिला. त्याने घट्ट धरून ठेवलं, मी दोरा गुंडाळला. मग वॉर्निशचे पातळ हात दिले आणि गच्चीवरच्या उन्हात वाळवले. शेवटी बारीक पॉलिश पेपर फिरवून सगळी चकाकी घालवली, कारण चमकणारी काठी माशाला आधी दिसते, हे लहानपणी आईनेच सांगितलं होतं.

मुठीकडची बाजू मी सर्वांत शेवटी केली. सुतळीचे थर देऊन ती चांगली जाड केली. बोटं जिथे थांबतात तिथेच काठी हाताला लागली, तर आवळायची गरज काय?

मार्गशीर्षात काठी परत नेली. आईने ती उचलली, तोलली, टोकापर्यंत नजर फिरवली. "शेंड्याला जड झाली," ती म्हणाली.

"थोडी झालीय."

"आन हे काय गुंडाळलंस? पोराच्या हातातला खुळखुळा वाटतोय."

"धरून बघ."

तिने धरली. अर्धी मूठ सुतळीवर अलगद बसली. मग ती कुदळ घेऊन गांडुळं उकरायला परसात गेली.

नदीचं पाणी निवळलं होतं. आई खडकावर बसली, मी तिच्या मागे. भाऊही आला, लांब उभा राहिला. पहिला मासा गांडूळ खाऊन गेला. मग बराच वेळ काही नाही. मग एकदम काठीचा शेंडा खाली ओढला गेला.

"मरळ हाय," आई म्हणाली.

काठी कमानीसारखी वाकली. भाऊ धावत आला, "सोड आई, टूट जाएगा!" भिवंडीत काम केल्यापासून घाईत त्याच्या तोंडी हिंदी येते. आईने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती उठून उभी राहिली, काठीचं बूड पोटाशी टेकवलं आणि माशाच्या ओढीबरोबर काठावरून चालू लागली. माझी नजर जोडावर होती. जोड वाकत होता, उकलत नव्हता. तेवढ्यात मासा खडकाखाली घुसला आणि गळाची नायलॉनची दोरी तट्‌कन तुटली. शेंडा सरळ झाला.

आई उभ्या जागी हसायला लागली. कितीतरी दिवसांनी तिला असं तोंडभर हसताना बघत होते. "काठी राहिली!" ती म्हणाली. "दोरीच जुनी." मग भावाकडे वळली, "उद्या खोडाळ्यास्नं चांगली दोरी आण. जाड आण."

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. मरळ मिळाली, पण ती नव्हे, दुसरी, तिच्यापेक्षा लहान. कालवण चांगलं झालं होतं. मग म्हणाली, "तुझ्या वहिनीला पण एक काठी करून दे. तिला दम नाय, पण शिकंल."

"भावाला बांबू तोडायला सांग," मी म्हटलं. "आत्ताच, थंडी आहे तोवर, म्हणजे कीड लागणार नाही. भरीव बघून, दोन तोडायला सांग. एक मला."