मोतीची शाबासकी

परवा लेकीच्या नव्या पिल्लाने हॉलमध्ये अंथरलेला पेपर ओला केला आणि भिजलेल्या शाईचा तो वास आला. मी थेट कळंबोलीच्या घरात पोचले, नऊ वर्षांची.

आमच्या मोतीने पेपरावर शू केली की बाबा टाळ्या वाजवायचे, "शाब्बास रे माझ्या वाघा!" मला गणितात पैकीच्या पैकी मिळाले, तर नुसतं "हं" म्हणून प्रगतिपुस्तकावर सही.

एका दुपारी मी सतरंजीवर पेलाभर पाणी ओतलं आणि ओरडले, "बाबा, मोतीने परत घाण केली!"

बाबांनी वाकून वास घेतला. माझ्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं आणि फडकं आणून पाणी पुसून टाकलं.

त्यांनी मला सांभाळून घेतलं, हे आता कळतं. तेव्हा मात्र नुसता जळफळाट झाला. मोतीला ते निदान रागवायचे तरी.