ढिला गिअर माझा होता

धाकट्या भावाची बायको मला पहिल्यापासून डोळ्यांत खुपायची. तिने रोह्याला जाऊन गाडीचं लायसन काढलं, तेव्हा तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खांब गावाजवळच्या आमच्या घरात एकच जुनी पिकअप, दोघा भावांनी मिळून घेतलेली. भाऊ कंपनीत शिफ्टला, म्हणून चालवायचो मी. गिअरचा दांडा इतका ढिला झालेला की पातेल्यातल्या पळीसारखा फिरायचा. पहिला टाकायचा तर दांडा पार डावीकडे रेटून मग पुढे ढकलायचा. दुसऱ्याला जरा उचलून मागे. हे फक्त माझ्या हाताला ठाऊक. तिने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा गाडी दारातच बंद पडली. मी शेजारी बसून पोटभर हसलो.

खरं सांगतो, तो ढिलेपणा हाच घरातला माझा मान होता. पहाटे ती भेंडी-दुधीच्या टोपल्या भरून रोह्याच्या बाजारासाठी उभी असायची आणि मी मुद्दाम दुसरा चहा मागायचो. उशिरा पोचलं की चांगली गिऱ्हाइकं निघून जातात, हे मला पक्कं माहीत होतं. भाऊ म्हणायचा, "दादा, गिअरचं बघ की जरा." मी सांगायचो, "जुनी गाडी हाय, पार्ट मिळत नाय."

साफ खोटं. दांड्याच्या बुडाशी प्लास्टिकचा एक बुश असतो, बोटाच्या पेराएवढा. तो झिजला की दांडा खेळतो. तो बुश मी पेणच्या रामवाडीतल्या दुकानातून कधीच आणला होता आणि ऑइलच्या डब्यांमागे दडवला होता.

एकदा तांदळाची पोती घेऊन पेणला गेलो, तर ती सोबत आली. मी पोती उतरवतोय तोवर बाई थेट त्याच दुकानात, गिअरचा पार्ट मागायला. मी धावत मागे गेलो. दुकानदार मला बघून तिला म्हणाला, "यांना मागेच दिला व्हता की. बसवला नाय?"

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "आणखी एक द्या." परतीच्या वाटेवर ती बुश मुठीत धरून बसली. मीच आपला रस्त्याला, खड्ड्यांना, पुढच्या गाडीवाल्याला शिव्या घालत राहिलो.

भावाच्या सुट्टीच्या दिवशी दोघं गाडीत घुसली. मी ओटीवर बसून होतो, हात लावायला गेलो नाही. जोडताना चुकू दे, अशी आतून इच्छा होती. आता लपवून काय करू? त्यांनी रबरी टोपण वर सरकवलं, स्क्रू काढले, दांडा उपसला. जुन्या बुशाचे दोन तुकडे झाले होते. तिने नव्याला बोटाने ग्रीस लावलं, भावाने क्लिप बसवली. तासाभराचंसुद्धा काम नव्हतं. एवढ्यावर मी तिला दोन वर्षं दारात उभी ठेवली होती.

दांडा ताठ उभा राहिला तशी मला राहवेना. "सरक गो, तुला काय कळतंय त्यातलं? आधी मी बघतो," म्हणत मी स्टिअरिंगवर बसलो. पहिला टाकायला हात सवयीने पार डावीकडे गेला आणि दांडा आता घट्ट, म्हणून पडला रिव्हर्स. गाडी मागे उसळून कुंपणावर आदळली. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भाऊ ओरडला, "दादा, उतर! मोडशील!" माझ्यावर असा आवाज त्याने कधी चढवला नव्हता.

मी उतरलो. ती बसली, आरसा स्वतःच्या उंचीला लावला आणि दोन बोटांनी पहिला टाकला. गाडी लोण्यासारखी पुढे सरकली. टोपल्या चढवून झाल्यावर तिने खिडकीतून डोकं काढलं. आता टोचून बोलणार, म्हणून मी तयारच होतो.

"भावोजी, रोह्याला चाललेय. तुमच्यासाठी काय आणायचंय?"

या घरात हा प्रश्न आजवर मी विचारत आलो होतो. मला कुणी विचारला नव्हता.

"काय नको," मी म्हटलं. तंबाखू सकाळीच संपली होती.