वानखडेकाकांचा ताशा

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आमच्या अमरावतीत थंडीत एक लांब पल्ल्याची शर्यत होते. तिची एक रीत आहे. शेवटचा माणूस येईपर्यंत शर्यत संपते तिथली कमान उतरवत नाहीत. पहिला आलेला पोरगाही घरी जात नाही — शेवटच्याच्या गळ्यात हार तोच घालतो, आणि राजापेठेतले ताशेवाले त्याला वाजतगाजत आत आणतात. पहिल्या वर्षी मी ते पाहिलं आणि — हसू नका — मला चक्क हेवा वाटला. तीन बहिणींत मी मधली. शाळेत मधल्या बाकावर, ऑफिसात मधल्या टेबलावर. शर्यतीतही आले ती मधल्या घोळक्यात. माझ्यासाठी कोणी कधी काही वाजवलं होतं का?

दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम रेंगाळले. सगळे पुढे निघून गेले. मागे उरले फक्त वानखडेकाका — निवृत्त मास्तर, बायपास झालेले, थोडं चालत थोडं धावत येणारे. कमान आता एकाच वळणापलीकडे होती. मला गाठून म्हणाले, "पोरी, तू जाय पुढं. शेवटचा मीच हाय, पक्कं! माही नात आली अकोल्याहून, फुलं घेऊन उभी हाय. डॉक्टर म्हनते, यंदा पळा, मंग नाई."

मी काय करायचं होतं? पुढे जायचं होतं. एवढंच तर होतं.

मी पाय धरून खाली बसले. पायाला काहीही झालं नव्हतं.

काका तिथेच रस्त्यावर बसले. माझी पोटरी चोळली, खिशातला गुळाचा खडा मला दिला. "तुले सोडून कसा जाऊ वं?" मी म्हटलं, काका, मला चालवत नाही, तुम्ही पुढे जाऊन गाडी पाठवा. तेव्हा कुठे काका उठले. आणि पळाले — माझ्यासाठी, होता नव्हता तेवढा जीव लावून. बायपास झालेला माणूस!

ते वळणाआड गेले तशी मी उठले आणि लंगडत निघाले. ताशा सुरू झालेला ऐकू आला — आणि लगेच थांबला. नंतर कळलं, काकांनीच थांबवला होता. "मांगं एक पोरगी हाय, पाय गेला तिचा. तिले येऊ द्या." गाडी निघणार तोच मी दिसले, तसे काका ओरडले, "आली, आली! वाजवा!" हार माझ्या गळ्यात पडला. नातीला त्यांनीच खांद्याला धरून पुढे केलं. आजोबांसाठी आणलेली सगळी फुलं तिनं माझ्यावर उधळली.

मी रडले. लोकांना वाटलं, पाय दुखतोय. खरं सांगू? मी आनंदानं रडत होते. लाज नंतर आली, घरी मोजे काढताना.

काका पुन्हा धावले नाहीत. दर थंडीत त्यांचा फोन मात्र येतो. परवाही आला. "पाय कसा हाय पोरी?"

कोणता पाय, तेही मला आता आठवत नाही. मी म्हटलं, बरा आहे, काका.