तांडा आधीच टेकडीवर होता

मैत्रिणींनो, आज सकाळी नदीच्या मोजपट्टीवर पाणी तासाभरात चार फूट चढले. मी पाटबंधारे खात्यातली ओव्हरसियर, धावत नदीकाठच्या वस्तीत गेले आणि घरे सोडायला सांगितले. उत्तर आले, "बाई, साहेब आले की मंग पाहू."

तशीच पुढे बंजारा तांड्यावर गेले, तर तो रिकामा. तांड्याच्या प्रमुखाची, नायकाची सून सोनी, माझ्याच वयाची. पाणी चढताना पाहून तिने इशाऱ्याची थाळी वाजवली होती आणि सगळे टेकडीवर गेले होते. गोण्या कोणी उचलायच्या, म्हातारी माणसे कोणी न्यायची, हे तिथे कायमचे ठरलेले. टेकडीवरून ती हसली, "कायले धावून राह्यल्या बाई? चहा घ्या."

दुपारी वस्तीत पाणी शिरले. तांड्याची माणसे दोर घेऊन उतरली, म्हणून सगळे वाचले.

माझा आकडा अचूक होता. सोनीने तो विचारलाही नाही. तिचा हेवा वाटतो.

तुमच्या शब्दावर कोणी घर सोडेल का? खरे सांगा.