तृप्तीची बांधी

मोहाडीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी रत्नमाला रामटेके रोज सकाळी चहा उकळेपर्यंत मोबाइलवर एक पान उघडून बघायची. ते पान एका संगणकी पॅकेजचं होतं आणि ते पॅकेज तिच्या मैत्रिणीने लिहिलेलं होतं. गेल्या महिन्यात किती लोकांनी ते उतरवून घेतलं, हा आकडा पानावर दिसायचा. आकडा वाढला असला की रत्नमालेचा चहा उतू जायचा. घटला असला तर त्या दिवशी ती सासूशी जरा गोड बोलायची. या सवयीबद्दल घरात कुणाला माहीत नव्हतं.

मैत्रीण म्हणजे तृप्ती नंदेश्वर. रत्नमाला करडीची, तृप्ती दिघोरीची. एकाच जिल्ह्याच्या म्हणून नागपूरला एम.एस्सी. करताना दोघींनी एक खोली घेतली. मार्कांत रत्नमाला कायम पुढे. तृप्ती वर्गात असे प्रश्न विचारायची की मागच्या बाकावरून हसू ऐकू यायचं. परीक्षा जवळ आली की ती वही घेऊन रत्नमालेसमोर बसायची. "हे पुन्हा एकदा सांग ना वं, मले समजलंच नाही." आणि रत्नमाला सांगायची, मनापासून सांगायची. तिला तेव्हा तृप्ती फार आवडायची.

पुढे रत्नमालेला मोहाडीत नोकरी लागली. तहसील कचेरीत काम करणाऱ्या अश्वजितशी लग्न झालं. तृप्ती हैदराबादला भातावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत गेली. तिथे तिने ते पॅकेज लिहिलं.

आर नावाची संख्याशास्त्राची एक संगणक-भाषा आहे. ती फुकट मिळते आणि तिला वरून जोडायची हजारो पॅकेजं जगभरच्या लोकांनी लिहून एका सामाईक भांडारात ठेवली आहेत. ज्याचं जे काम, त्याने ते पॅकेज जोडून घ्यायचं. तृप्तीचं पॅकेज धानाच्या चाचण्यांसाठी होतं. धानाच्या नव्या जाती शेतात लावून पाहतात तेव्हा पुस्तकातली गणितं सगळे तुकडे सारखेच धरून चालतात. पण आपल्याकडच्या बांध्या, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेले धानाचे तुकडे, कुठे सारख्या असतात? एक लांबट, एक तिकोनी, एकीत पाणी घोट्यापर्यंत तर खालच्या बांधीत गुडघाभर. हा फरक धरून निकाल काढणारी पद्धत तृप्तीने बसवली आणि पॅकेजला नावही 'बांधी' दिलं.

भांडारात ते स्वीकारलं गेलं त्या दिवशी तिने सगळ्यात आधी रत्नमालेला फोन केला. "रत्ना, तुलेच पहिले सांगून राहिली. घरी बी नाही सांगितलं अजून."

"वा, छान झालं," रत्नमाला म्हणाली. फोन ठेवला तेव्हा कढईतली भाजी खाली लागली होती.

तृप्तीने काही चोरलं असतं, काही लपवलं असतं, तर रत्नमालेला निदान भांडता आलं असतं. तसं काहीच नव्हतं. रत्नमालाही करडीच्या बांध्यांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरूनच शाळेत गेली होती. रोवणीच्या दिवसांत आईबरोबर चिखलात उभी राहिली होती. पायाखाली असलेली ती गोष्ट तिच्या डोक्यात कधी आली नाही. तृप्तीच्या आली.

दोन वर्षांनी अभ्यासक्रमात आरची प्रात्यक्षिकं आली. उदाहरणं परिसरातली घ्या असं ठरलं, आणि परिसरातलं म्हणजे धान. मग 'बांधी' कॉलेजच्या लॅबमध्ये आलं. पॅकेज सुरू केलं की पडद्यावर एक ओळ उमटायची: 'बांधी, लेखिका तृप्ती नंदेश्वर.' रत्नमाला "चला, सुरू करा" म्हणायची आणि सगळ्या पडद्यांवर एकदमच ते नाव यायचं. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, ह्या आपल्याच जिल्ह्याच्या हायेत म्हणे. तुम्ही ओयखता का त्यायले?"

"एकत्र शिकायला होतो," रत्नमालेने सांगितलं आणि खडू उचलला. त्या दिवसापासून ती मुलांना म्हणू लागली की पॅकेजच्या भरवशावर राहू नका, आधी सगळं हाताने करा. मुलं पानंच्या पानं आकडेमोड करत बसायची. शिकवण्याची चांगली पद्धत म्हणून प्राचार्यांनी तिचं कौतुकही केलं.

घरी ती पॅकेजचा मूळ मजकूर उघडून एकेक ओळ वाचायची. चूक शोधायची होती. बऱ्याच दिवसांनी मदतीच्या पानावर एका शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं सापडलं. ती इतकी खूश झाली की अश्वजितला बोलावून दाखवलं.

"मंग?" तो म्हणाला. "हिशेब तं बरोबर येते ना?"

"येते."

"मंग त्यात का झालं? तिले सांग, दुरुस्त करन ते."

तिने सांगितलं नाही. उलट स्वतःचं पॅकेज लिहायला घेतलं. नाव ठरवलं 'धुरा'. उन्हाळ्याची सुट्टी त्यातच गेली. पण जे फंक्शन लिहावं ते 'बांधी'मध्ये आधीच असायचं, आणि तिच्यापेक्षा सुटसुटीत असायचं. जूनमध्ये तिने ती फाइल बंद केली. मैत्रिणीचं काम तिला आता तोंडपाठ झालं होतं, आणि त्याचा राग जास्तच येत होता.

मग या वर्षी मार्चमध्ये त्या पानावर लाल अक्षरं दिसली. 'बांधी' ज्या दुसऱ्या एका पॅकेजच्या आधारावर चालत होतं, त्याच्या लेखकाने आपल्या एका फंक्शनचं नाव बदललं होतं. त्यामुळे 'बांधी' तपासणीत नापास झालं. खाली सूचना होती की एप्रिलअखेर दुरुस्ती आली नाही तर पॅकेज भांडारातून काढलं जाईल. रत्नमालेने पानावरचा तृप्तीचा पत्ता पाहिला. तो हैदराबादच्या संस्थेचा जुना मेल होता, आणि तृप्तीने तर दिवाळीतच ती संस्था सोडून बंगळूरच्या एका कंपनीत नोकरी धरली होती. भांडाराचे मेल कुणालाच पोचत नव्हते.

एक फोन केला असता तर काम झालं असतं. रत्नमालेने केला नाही. 'तिला कळलंच असेल,' असं ती मनाशी म्हणाली. तृप्तीला कळलेलं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एप्रिलच्या मध्यावर तृप्ती स्वतःच दारात उभी राहिली. लाखनीला मावसबहिणीचं लग्न होतं, ते आटोपून ती मोहाडीला आली होती. रत्नमालेची सासू बायजाबाई हिला तृप्तीचं फार कौतुक. तिने लगेच लाखोरीच्या डाळीचे वडे तळायला घेतले.

"आमची रत्ना काहीच बोलत नाही तुह्याबद्दल," बायजाबाई म्हणाली. "कालेजातले पोट्टे सांगतेत, तुहं नाव कांपुटरवर येते म्हणून."

"काहाचं नाव, मावशी," तृप्ती हसली. "रत्नानं शिकवलं नसतं तं मी पासच नसती झाली."

रत्नमालेने हातातला वडा ताटात ठेवला. तृप्ती हे खरं बोलत होती, आणि असं सहज बोलून टाकणं आपल्याला जमलं नसतं हेही तिला कळत होतं.

जेवणं झाल्यावर दोघी पोर्चमध्ये बसल्या. तृप्ती नव्या नोकरीबद्दल सांगत होती. कामाचा पसारा, बैठका, दिवस कुठे जातो कळत नाही. "जुना मेल बी बंद झाला," ती बोलता बोलता म्हणाली. "कितीक लोकायचे नंबर त्यातच राहिले."

बोलायची वेळ तीच होती. शब्द रत्नमालेच्या जिभेवर आले होते. तृप्तीने तेवढ्यात विचारलं, "तुहं का सुरू हाय?"

"माझं काय, तेच," रत्नमाला म्हणाली. "थांब, पाणी आणते." उठून ती आत गेली आणि माठाजवळ उगाच उभी राहिली. बाहेर आली तेव्हा विषय लग्नातल्या जेवणावर गेला होता. बसस्टँडवर सोडताना तृप्तीने तिला मिठी मारली. परत येताना रत्नमालेने तोंडाला पदर लावला होता. ऊन होतं म्हणून, असं तिने शेजारच्या उषाबाईला सांगितलं.

एप्रिल संपला आणि पान बदललं. आकडा नाही, आलेख नाही, फक्त एक ओळ: हे पॅकेज भांडारातून काढण्यात आलं आहे. रत्नमाला ते उभ्यानेच वाचत राहिली. मग बाजारात जाऊन तिने आंबे आणले. अश्वजितने विचारलं, "आज का हाय?" ती म्हणाली, "काही नाही, दिसले म्हणून घेतले."

आनंद जुलैपर्यंत टिकला. कॉलेज उघडलं तेव्हा लॅबमध्ये नवे संगणक आले होते, पॅकेजं त्यांत नव्याने उतरवायची होती, आणि पहिल्याच प्रात्यक्षिकाला मुलं ओरडू लागली.

"मॅडम, बांधी येऊनच नाही राहिली!"

"आता नाही ती. हाताने करा," रत्नमाला म्हणाली.

पुढच्या आठवड्यात टेकचंदचा फोन आला. तो भंडाऱ्याजवळच्या एका बियाणे केंद्रावर धानाच्या चाचण्या पाहायचा. "मॅडम, बांधी काहून बंद झाली? आमच्या तीन हंगामाचं काम त्याच्यावर हाय. तुमची मैत्रीण हाय ना ती? काय बाई डोकं होतं!" गोंदियाहून एकाने विचारलं, छत्तीसगडहून एकाने. पॅकेज होतं तोवर कॉलेजबाहेर कुणी तृप्तीचं नाव घेत नव्हतं. आता जो तो रत्नमालेलाच फोन करून तिचं कौतुक ऐकवत होता.

शेवटी तिने तृप्तीला फोन लावला. मनाशी तयारी केली होती की तृप्ती रडेल, आपण समजूत घालू.

"काढलं का?" तृप्ती म्हणाली. "अरे बापा. मी तं विसरलीच होती वं त्याले. जाऊ दे."

"जाऊ दे?"

"आता वेळ कोठी हाय मले? कंपनीत दुसरंच काम करून राहिली मी."

ज्या गोष्टीपायी चार वर्षं धड झोप लागली नव्हती, ती हिला आठवतही नव्हती. "लोक फोन करून राहिले मला," ती जवळजवळ ओरडली. "त्यांची कामं अडली आहेत. तुझ्यासारखं मला सुचलं असतं तर मी रोज त्याला..."

"तू पायत जाशीन का त्याले?" तृप्तीने विचारलं. "देखभाल तुह्या नावानं करू. तुले येते ते सगळं."

मार्चपासून माहीत होतं, हे रत्नमालेने सांगितलं नाही. ती फक्त "हो" म्हणाली.

दुरुस्ती एका फंक्शनच्या नावाची होती. तपासणीच्या बाकीच्या अटी पुऱ्या करायला मात्र पंधरवडा गेला. ऑगस्टमध्ये 'बांधी' पुन्हा भांडारात आलं. देखभाल: रत्नमाला रामटेके. लेखिकेच्या जागी तृप्तीचंच नाव. ते तिने बदललं नाही, पण पडद्यावर ते पान वाचताना तिची नजर आधी तृप्तीच्याच नावावर गेली.

दिवाळीनंतर टेकचंदने भंडाऱ्यात धानावर काम करणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण ठेवलं. पाहुण्यांची ओळख करून देताना केंद्राचे साहेब म्हणाले, "ह्या बांधीवाल्या मॅडम. पॅकेज यांचंच." टाळ्या वाजल्या. रत्नमालेने नमस्कार केला. त्या टाळ्या तिला फार बऱ्या वाटल्या. दुपारपर्यंत तिने पडद्यावर सगळं समजावून दिलं. कोणत्या प्रश्नाला कुठे अडायला होतं हे तिला ओळीओळीने माहीत होतं.

चहाच्या आधी पवनीहून आलेली एक कृषी सहायक उभी राहिली. "मॅडम, आमच्या बांध्या अशा वाकड्यातिकड्या हायेत म्हणून कोणी त्याचं गणित मांडन, असं कधी वाटलं नव्हतं. तुम्हाले कसं सुचलं हे?"

खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. रत्नमालेने पाण्याची बाटली उघडली, पुन्हा बंद केली.

"मला नाही सुचलं," ती म्हणाली. "दिघोरीच्या तृप्ती नंदेश्वरला सुचलं. मी तिची मैत्रीण. मी फक्त सांभाळते."

ते बोलणं सकाळच्या टाळ्यांइतकं बरं वाटलं नाही. साहेब गोंधळून म्हणाले, "असं का मॅडम, मले वाटलं..." तिने हाताने राहू द्या अशी खूण केली आणि पुढचं उदाहरण उघडलं.

संध्याकाळी मोहाडीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. तिने तृप्तीला फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. थोड्या वेळाने तृप्तीचा मेसेज आला की बैठकीत आहे, नंतर बोलू. रत्नमालेने लिहिलं, 'काही खास नाही. मेच्या सुट्टीत ये, सासू विचारत होती.' मग तिने फोन पर्समध्ये टाकला आणि कंडक्टर आला तशी तिकिटासाठी सुटे पैसे काढू लागली.