रिकामी पाकिटं

चीनमधल्या दातांग गावात मोज्यांची तोंडं शिवणाऱ्या बायका पुष्कळ, पण जुहुआसारखा हात एकीचा नाही. यंत्रावरून मोजा उतरतो तो दोन्हीकडून उघडा. त्याचं बोटांकडचं तोंड बंद करायचं, ते असं की घालणाऱ्याला शिवण टोचू नये. बावीस वर्षं ती लोउशेठच्या घराखालच्या कारखान्यात हेच करत आली. नवरा गेला, लेक सासरी गेली, खुर्ची तीच राहिली.

शेठची सून वेनली मोबाईलवर मोजे विकायला लागली आणि जुहुआच्या मनात पाल चुकचुकली. दारात रोज पाकिटांचा ढीग, कुरिअरवाल्याच्या दोन-दोन फेऱ्या, आणि शिवायला माल मात्र निम्माच. एक दिवस तिने एक पाकीट दाबलं, फाडलं. आत नुसता कागदी रुमाल.

"वेनली, लोक आता पायाला सोडून नाकाला मोजे घालतात का गं?"

वेनली ओशाळून हसली. ओळखीपाळखीच्यांना खोट्या मागण्या नोंदवायला लावल्या होत्या म्हणे. खप दिसला तरच दुकान यादीत वर येतं, सगळं गाव तेच करतं. जुहुआने मान डोलावली. पण ज्या घरचा खप खोटा, तिथली नोकरी तरी खरी कशावरून?

चिनी नववर्षाच्या सुटीआधी शेठने सगळ्यांना नव्या वर्षाच्या आठव्या दिवशी बोलावलं. त्या दिवशी फटाके लावून काम सुरू होतं. जुहुआला मात्र बाजूला घेतलं.

"ताई, तुम्ही सावकाश या, पंधराव्या दिवशीचा कंदिलांचा सण झाल्यावर. आराम करा."

दातांगमध्ये आराम करायला गेलेली बाई परत आलेली कुणी पाहिली नव्हती.

आठव्या दिवशी ती न बोलावता हजर. तिच्या खुर्चीच्या जागी नवं यंत्र, विणून झालं की तोंडही आपणच शिवणारं. शेठ फटाक्यांचा लाल कचरा झाडत बसला, मान वर करेना. शेवटी वेनलीच बोलली. मागण्या आता खऱ्या येतात, हाताने उरकत नाही म्हणून यंत्र आणलं. पाकिटं भरायला माणूस हवंय, पण एवढ्या जुन्या कारागिरणीला ते सांगायची मामंजींना लाज वाटली.

"लाज त्यांची, पोट माझं. किती दिवस देणार हे काम?"

"मागण्या आहेत तोवर, मावशी."

"मग त्या रोज मला दाखवायच्या. तुझ्या मैत्रिणींच्या वगळून."

वेनलीने मोबाईल पुढे केला. जुहुआला अक्षरं धड लागत नव्हती. तिने चष्मा चढवला आणि पहिल्या नावावर बोट ठेवून विचारलं, "ही कोण?"