कादंबरीवाल्या अक्का

अक्कांना वाचता वाचता नेमकं थांबता यायचं. बाजारात एका कडेला टेबल मांडून, डोक्यावरचा पदर सारखा करून त्या स्वतःच्या कादंबरीतलं पान मोठ्यानं वाचू लागायच्या. आवाज गोड नव्हता, घोगराच होता. तरी भाजीची पिशवी घेऊन निघालेली एखादी बाई रेंगाळायची, मग तिच्या मागची थांबायची. काचेच्या पेटीत ठेवलेलं अपुऱ्या दिवसांचं बाळ. नर्स त्याच्या आईला पहिल्यांदाच जवळ बोलावते. आई कोपरापर्यंत हात धुते, पेटीच्या गोल दारातून एक बोट आत घालते... आणि इथं अक्का पुस्तक मिटायच्या.

"मंग?" कुणीतरी विचारायचंच.

"पुढलं पुस्तकमा शे, माय," अक्का म्हणायच्या आणि चष्मा पुसत बसायच्या. निम्म्या बायका हसून पुढं जायच्या. उरलेल्यांपैकी एखादी कमरेचा बटवा सोडायची.

खानदेशात अशी कादंबरी विकणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. साक्रीच्या बाजारातली पोरं त्यांना 'कादंबरीवाल्या अक्का' म्हणायची, तेच नाव पुढं धुळ्यात आणि जळगावात चालू झालं. माहेर साक्रीकडचं. नवरा दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला, त्यामुळं सगळा संसार तिथल्या कॉलनीत. तो निवृत्त झाल्यावर जवळच घर बांधून राहिलेल्या. शिक्षण जुनी अकरावी. मुलगा पुण्यात नोकरीला. साठी उलटल्यावर त्यांनी कादंबरी लिहिली, आणि कुणी प्रकाशक मिळेना म्हणून स्वतःच छापायचं ठरवून माझ्या दुकानाची पायरी चढल्या.

जळगावात माझं टायपिंगचं आणि लहानसहान छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, डाळ मिलची लेबलं, असलीच कामं जास्त. कादंबरी प्रथमच आली होती. मी टाइप करायचे आणि अक्का शेजारी स्टुलावर बसून राहायच्या. मी एखादा शब्द शुद्ध करू लागले की माझ्या मनगटावर हात ठेवायच्या. "ती बाई तशीच बोलते गं. तिला नको शिकवू." महिनाभरानंतर मीच ते वाक्य दुकानातल्या दुसऱ्या मुलीला ऐकवू लागले होते.

कादंबरीचं नाव 'पेटीतली पोर'. खेड्यातली बाई, पहिलं बाळंतपण, मुलगी दिवस भरायच्या आधीच होते. शहरातल्या दवाखान्यात तिला पेटीत ठेवतात, मरता मरता ती जगते, वाढते, शिकते, शेवटच्या प्रकरणात तिचं लग्न होतं. छपाईचा खर्च अक्कांनी घरातून केला. विक्रीचा पैसा मात्र घरात येऊ द्यायचा नाही हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं. धुळ्यातल्या एका दवाखान्यात पेटीतल्या बाळांच्या आयांना बसायला, टेकायला जागा नव्हती. दूध पाजायच्या वेळी आत घ्यायचे, बाकीचा वेळ बाया जिन्यात, व्हरांड्यात, फाटकाबाहेर. त्यांच्यासाठी त्याच मजल्यावर एक खोली करायची होती. "त्याच मजल्यावर," हे त्या दरवेळी सांगायच्या. दवाखान्याच्या समितीनं एक अडगळीची खोली देऊ केली होती, बाकी सगळं आपलं आपण करायचं होतं. टेबलावर समितीच्याच खात्याचा क्यूआर कोड चिकटवलेला असायचा. कुणी रोख देऊ लागलं तर अक्का शेजारी ठेवलेल्या समितीच्या कुलूपबंद दानपेटीकडं बोट दाखवायच्या. "माझ्या हातात नका देऊ. हाताला सवय लागते."

पुस्तक छापून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "टाइप तू केलंस. कुठलं पान कुठं आहे ते तुलाच ठाऊक. चल माझ्याबरोबर." दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी मी जाऊ लागले. माझी आई जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. घरात बसवत नव्हतं.

गाडी त्यांचे यजमान चालवायचे. त्यांना सगळे भाऊ म्हणत. उंच, सडपातळ, मितभाषी माणूस. जुन्या व्हॅनमध्ये पुस्तकांचे गठ्ठे तेच चढवायचे, तेच उतरवायचे, टेबलाचे पाय तेच घट्ट करायचे. मग गाडीत जाऊन, काचा खाली करून वर्तमानपत्र वाचत बसायचे. अक्का वाचू लागल्या की मात्र काचा वर घ्यायचे, उन्हाळ्यातसुद्धा. मी एकदा विचारलं, "भाऊ, तुम्ही वाचली का हो कादंबरी?" ते म्हणाले, "नाही." अक्कांनी ते ऐकलं होतं. त्या गठ्ठ्याची दोरी सोडत राहिल्या.

लोक अक्कांना एकच प्रश्न फार विचारायचे. हे खरं घडलंय का? अक्का म्हणायच्या, "घडल्याशिवाय काय लिहिणार?" मग पुढचा प्रश्न, पोर कुठं असते आता? "असते आपली तिच्या घरी, सुखात." मीही कधीतरी विचारलं होतं, मलाही तेच उत्तर मिळालं होतं. लेक परगावी असेल, येणंजाणं नसेल, असं मी मनाशी धरून चालले.

साक्रीच्या बाजारात त्या दिवशी गर्दी बरी होती. अक्का वाचून थांबल्या होत्या, दोनतीन पुस्तकं गेली होती. एक तरुण बाई टेबलापाशी येऊन उभी राहिली. डोंगराकडच्या एखाद्या गावची असावी. पिशवीतून तिनं 'पेटीतली पोर' काढलं. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं, अगदी शाळेच्या पुस्तकासारखं. ते तिनं टेबलावर ठेवलं.

"पैसा नको माले. हाई पुस्तक तूच ठेव."

"काय झालं, बाई?" अक्कांनी विचारलं.

तिच्या नवऱ्यानं हे पुस्तक याच बाजारातून नेलं होतं. तिची स्वतःची पोर दवाखान्यात पेटीत असताना धाकटी बहीण तिला रोज त्यातलं थोडं थोडं वाचून दाखवायची. शेवटचं प्रकरणसुद्धा आधीच वाचून घेतलं होतं, पोर जगते की नाही ते बघायला.

"तुनी पोर जगनी, अक्का," ती म्हणाली. "मनी गयी."

तुझी जगली, माझी गेली, एवढंच. आवाज चढलेला नव्हता. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी अक्कांकडं पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, टेबलाला धरून उठल्या आणि म्हणाल्या, "मनीबी गयी, बाई."

अक्कांनी स्वतःची खुर्ची पुढं ओढून तिला बसवलं आणि आपण जमिनीवर तिच्या पायाशी बसल्या. दोघी अहिराणीत हळू आवाजात काय बोलल्या ते मला सगळं ऐकू आलं नाही, मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. गिऱ्हाईक आलं तर मी परत पाठवत होते. गावाकडच्या गाडीची वेळ झाली तशी ती उठली. पुस्तक तिनं नेलं नाही.

टेबलावरचा कपडा घडी करता करता अक्कांनी मला सांगितलं. गाडीत बसायच्या आधीच सांगितलं, भाऊंसमोर नको म्हणून.

"बाळंतपणाला माहेरी आले होते. पोर लवकर झाली, एवढीशी. धुळ्याला आणलं. तेव्हाचा तो दवाखाना आता नाहीसुद्धा. माझ्या अंगात ताप. जिन्यात बसले की येणाऱ्याजाणाऱ्यांना अडचण. मग फाटकाबाहेर झाडाखाली चादर टाकून पडले आणि डोळा लागला. वर मला हाका मारत होते गं. कुणाला ठाऊक मी कुठं आहे ते? शेवटी नर्सबाईंनी तिला आपल्याच मांडीवर घेतलं. मी वर गेले तेव्हा त्याच रडत होत्या." कपड्याची घडी त्यांनी पुन्हा मोडली, पुन्हा घातली. "बारसंही झालं नव्हतं तिचं."



पहिली आवृत्ती संपत आली होती. दुसरीचं काम काढलं तेव्हा मी विचारलं, "अक्का, शेवट बदलायचा का?" त्यांनी आधीच बराच विचार केलेला असावा. लगेच म्हणाल्या, "नाही. पुस्तकात ती जगू दे. पण आता मी तोंडानं खोटं बोलणार नाही. त्या बाईला मी फसवलं." तेव्हापासून वाचायला सुरुवात करायच्या आधी त्या उभ्या राहून सांगायच्या, "पुस्तकातली पोर जगली. माझी गेली होती. ज्याला चालेल त्यानं ऐकावं."

सगळ्यांना चालत नव्हतं. जळगावच्या एका महिला मंडळानं त्यांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं होतं. आदल्या दिवशी फोन आला, कादंबरीबद्दल बोला पण ते बाळ गेल्याचं तेवढं नको, सणाचा कार्यक्रम आहे. अक्का शांतपणे म्हणाल्या, "मग मलाच नका बोलावू, ताई. मी आले की तीही येते बरोबर." फोन ठेवून त्यांनी माझ्या दुकानातच चहा मागवला आणि तो गार होईपर्यंत पेल्याकडं बघत बसल्या.

बाजारात मात्र निराळंच होऊ लागलं. बायका थांबायच्या, पुस्तक घ्यायच्या नाहीत, आणि गर्दी पांगली की जवळ येऊन सांगायच्या. कुणाचं पहिलं गेलेलं, कुणाचं तिसरं. एक म्हातारी म्हणाली, आजवर हे कुणी विचारलंच नाही मला. अक्का त्यांना अडवायच्या नाहीत आणि समजूतही घालायच्या नाहीत. "नाव काय ठेवलं होतं?" एवढंच विचारायच्या. ज्यांनी ठेवलेलं असायचं त्या ते नाव सांगायच्या, काहीजणी तर कित्येक वर्षांनी प्रथमच. त्या दिवसांत पुस्तकं कमी विकली गेली. अक्का दमून गाडीत बसायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या.

खोली झाली, पण एकट्या पुस्तकाच्या पैशावर झाली असं मी म्हणणार नाही. पुस्तक वाचून, ऐकून लोक पुढं आले. एका डाळ मिलच्या मालकानं न्हाणीघर आणि गरम पाण्याची सोय करून दिली. धुळ्यातल्या रशीदभाई गादीवाल्यांनी गाद्यांची मजुरी घेतली नाही. अक्का कापूस बघायला गेल्या तर ते म्हणाले, "अक्का, ओल्या बाळंतिणी निजणार त्याच्यावर. जुना कापूस घालीन का मी?"

उद्घाटनाला व्हरांड्यात मंडळी हार घेऊन उभी होती. अक्का म्हणाल्या, मला जरा आधी आत जाऊ द्या. मी त्यांच्याबरोबर गेले. भिंतीला ओल्या रंगाचा वास होता. त्यांनी चपला काढल्या, खिडकीजवळच्या खाटेवर बसल्या आणि मग सावकाश आडव्या झाल्या. हात उशाशी घेतला. डोळे उघडेच होते. भिंतीपलीकडून एका बाळाचं बारीक रडणं ऐकू येत होतं, अगदी जवळून. मी दार लोटून घेतलं आणि बाहेरच्या लोकांना थोडं थांबायला सांगितलं. त्या बाहेर आल्या तेव्हा पदर नीटनेटका होता. भाषण केलं नाही, फक्त नमस्कार केला.

त्यांच्या पोटात दुखत होतं ते उद्घाटनाच्या आधीपासूनच. बाजारांच्या धावपळीत अंगावर काढलं. निदान झालं तेव्हा उशीर झाला होता. शेवटी शेवटी मी दर आठवड्याला दीपनगरला जायचे. एकदा उशीला टेकून बसल्या होत्या, म्हणाल्या, "दुसरी कादंबरी डोक्यात होती गं. विनोदी. माझ्या सासूवर." मला हसू आलं, त्यांनाही आलं, आणि हसताना पोटावर हात दाबून धरावा लागला. "सगळ्यांना रडवतच फिरले मी. हसवायचं राहून गेलं." त्यानंतर त्या माझ्याशी फारसं काही बोलू शकल्या नाहीत. थंडी सुरू झाली आणि त्या गेल्या.

दिवसकार्य आटोपल्यावर मी दुकानात उरलेल्या प्रतींचं विचारायला भाऊंकडं गेले. मुलगा पुण्याला परतला होता. भाऊंनी स्वतः चहा केला, साखर जास्त पडली होती. उरलेली पुस्तकं दवाखान्यातल्या खोलीतच ठेव म्हणाले, बाया वाचतील. मग कप हातातच धरून त्यांनी विचारलं,

"त्यात मी आहे का गं?"

"आहात, भाऊ."

"काय करतो?"

मी सांगितलं. निरोप मिळताच बाळाचा बाप कामावरून तसाच निघतो. मिळेल त्या गाडीनं धुळ्याला पोचतो. बायकोला बसायला जागा नाही म्हणून मुकादमाशी भांडून कुठूनतरी खुर्ची आणतो, आणि पोर पेटीतून बाहेर येईपर्यंत तिच्याजवळून हलत नाही.

भाऊंनी कप खाली ठेवला.

"मी गेलो नव्हतो," ते म्हणाले. "निरोप आला होता. मी रजासुद्धा मागितली नाही. म्हटलं, माहेरी आहे, तिची माणसं बघतील. गेलो तेव्हा सगळं आटोपलेलं. तिनं जन्मात मला एका शब्दानं विचारलं नाही, का आला नाहीत म्हणून. मला वाटायचं, ते सगळं तिनं पुस्तकात लिहिलंय. बाजारात मोठ्यानं वाचतीय."



"ते पान काढून दे," भाऊ म्हणाले.

कपाटातली प्रत घेऊन मी पान काढून दिलं. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक उजेडाकडं धरलं आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागले. मी कप उचलून मोरीत ठेवले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. बराच वेळ आतून पान उलटल्याचा आवाज आला नाही.